एक्केचाळीस नंबरची बाटली

अप्पा,

उद्या शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमारास तुमचे क्रोनसाहेब रास अल खैमाहून गाडी घेऊन येणार आहेत आणि बाल्कनीतल्या तुमच्या सगळ्या वस्तू खोक्यांत भरून नेणार आहेत. "अप्पांनीच त्यांना तसं सांगून ठेवलं होतं," असं श्रीधर म्हणतो. असेल. तुम्हा बापलेकांमधलं बोलणं मला नेहमी दोन दिवस उशिराच कळत आलंय. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले, आणि तुमच्यामागे घरात निघालेलं पहिलं मोठं काम हे: बेचाळीस वस्तू, बेचाळीस चिठ्ठ्या आणि तुमची ती हिरव्या कापडी पुठ्ठ्याची वही.

दुपारपासून मी ती वही मांडीवर घेऊन बसले आहे. खरं सांगते अप्पा, वाचायला नाही. त्यातलं एक पान फाडायला.

का, ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगणार? आणि तुम्हाला तर समोर होतात तोवर सांगता आलं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

तुम्ही आलात तेव्हा मला तुम्ही नको होतात. आता हे लिहायला काय हरकत आहे? सासूबाई गेल्या, भुसावळचं घर बंद झालं, आणि श्रीधरने इकडे आखातात, अल नहदातल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये हॉलमधला दिवाण तुमच्या नावे करून टाकला. स्वतः साहेब रास अल खैमाच्या सिमेंट कारखान्यात. गुरुवारी संध्याकाळी यायचे, शनिवारी सकाळी जायचे. उरलेला आठवडा घरात मी, सहा वर्षांची मुक्ता आणि तुम्ही. पस्तीस वर्षं सरकारी दारूगोळा कारखान्यात तपासनीस म्हणून काढलेली, त्यामुळे हाती आलेली प्रत्येक वस्तू उलटी करून तिची पाठ बघायची तुम्हाला सवय. माझ्या कढया उलट्या केल्यात. कुकरच्या झाकणावरचा शिक्का वाचलात. मुक्ताच्या डब्याच्या बुडावरची अक्षरं तिला मोठ्याने वाचून दाखवलीत आणि ती म्हणाली, "आजोबा, नोबडी रीड्स दॅट." जेवताना मात्र तोंडातून शब्द नाही. पहिले दोन महिने मी रांधलेलं तुम्हाला आवडतंय की घशाखाली ढकलताय, हे मला कळलं नाही. मी मनातल्या मनात धुसफुसत होते.

मग एकदा वांगी गॅसवर भाजून, हिरव्या मिरच्या ठेचून, तुमच्याकडच्या पद्धतीचं भरीत केलं. तुम्ही दोन घास खाल्लेत, मान वर केलीत आणि म्हणालात, "पास."

एवढंच. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून हसले. श्रीधरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, नशीबवान आहेस. आईला हे ऐकायला सात वर्षं लागली होती."

आपली खरी गट्टी जमली ती माझ्या लायसन्समुळे. पाच टेस्ट दिल्यावर मला ते मिळालं होतं आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसायला धजावणारे घरात तुम्ही एकटेच होतात. श्रीधर मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचा. तुम्ही सीटबेल्ट ओढून, तो कुणी बनवलाय ते वाचून, शांतपणे म्हणायचात, "चल." शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असायचे. तुळशीच्या कुंडीसाठी लोखंडी तिवई शोधायला म्हणून आपण इंडस्ट्रियल एरियातल्या खानच्या भंगाराच्या वाड्यात गेलो आणि तिवई राहिली बाजूला. एका कोपऱ्यात पेट्रोलचा एक गंजका कॅन पडला होता. तुम्ही तो उलटा केलात, आडवा केलात, अंगठ्याने धूळ पुसलीत आणि हात मागे करून म्हणालात, "सुनंदा, भिंग."

खानला गंमत वाटली. "अंकल, ये अंग्रेज़ लोगों के कैंप का है. मेरे वालिद के टाइम से पड़ा है."

"अंग्रेज़ का नहीं है," तुम्ही म्हणालात. "जर्मन है. अंग्रेज़ ने उठाया होगा."

दुसऱ्या महायुद्धात, आफ्रिकेच्या वाळवंटातल्या लढाईत इंग्रजांनी जर्मनांचं जे हाताला लागलं ते उचललं, वापरलं, आणि फिरत फिरत त्यातलं थोडं इथल्या छावणीत आलं असणार, असं तुम्ही मला गाडीत समजावलंत. कारखान्यात असताना एका जुन्या मापावर तुम्ही गरुडाचा शिक्का पाहिला होता, तो तेव्हापासून तुमच्या डोक्यात होता. त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी खान आपल्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवायला लागला. फावडं, जेवणाचा डबा, पेटीची कडी. दहातल्या नऊ वस्तू तुम्ही परत करायचात. "अंकल माल नहीं देखता," खान मला म्हणाला होता, "माल का पासपोर्ट देखता है."

श्रीधरच्या कारखान्यात क्रोनसाहेब निघाले हे आणखी एक नशीब. सत्तरीकडे झुकलेला जर्मन इंजिनिअर, आणि त्यालाही हेच वेड. त्याने तुम्हाला जर्मन कारखान्यांच्या खुणांच्या यादीची झेरॉक्स पाठवली. तुम्ही ती मला वाचायला लावलीत, तुमच्या चष्म्याला बारीक अक्षर झेपत नव्हतं म्हणून. लढाई पेटल्यावर जर्मनांनी वस्तूंवरची कारखान्यांची नावं काढून टाकली आणि प्रत्येक कारखान्याला दोन-तीन छोटी अक्षरं दिली. कुठली वस्तू कुठे बनते हे शत्रूच्या विमानांना कळू नये म्हणून. काही वस्तूंवर शेजारी एक इवलासा गरुड आणि त्याच्या पायाशी आकडा असायचा. तो तपासनिसाचा. तुमचा जीव त्या आकड्यातच अडकलेला. "अक्षरं कारखान्याची गं," तुम्ही म्हणायचात, "पण आकड्यामागे एक माणूस उभा असतो. त्याने ही वस्तू हातात धरली होती."

यावरून आपण किती भांडलो! मी म्हटलं होतं, "अप्पा, त्या लोकांनी माणसं जाळली. त्यांचे डबे आणि कॅन आपण माझ्या बाल्कनीत कशाला मांडून ठेवायचे?"

तुम्हाला राग आला नाही. तुम्ही कडी खाली ठेवलीत. "त्या कारखान्यांत कैदी राबवले, सुनंदा. पोरंटोरं, बायका. नाव लपवायला ही अक्षरं दिली आणि आज याच अक्षरांवरून कळतं की वस्तू कुठली. म्हणून खूण पुसायची नाही. पुसणारा अडाणी म्हणून एक वेळ सुटेल. पण नसलेली खूण मारणारा..." तुम्ही वाक्य पुरं केलं नाहीत, फक्त मान हलवलीत. मला तुमचं म्हणणं तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालताना त्या गरुडाकडे पाठ करूनच मी उभी राहायचे. पण ते अर्धं वाक्य माझ्या मनात राहिलं, आणि नंतर फार टोचलं.

आता बाटली.

ॲल्युमिनियमची पाण्याची बाटली, काजळी धरलेली, वरचं लोकरीचं पांघरूण केव्हाच गेलेलं. गळ्याच्या कडेला खूण होती. छोट्या लिपीतली पहिली दोन अक्षरं दिसत होती, सी आणि एफ. तिसऱ्याची फक्त एक उभी रेघ उरलेली. तुम्ही तीन आठवडे तिच्यावर भिंग धरून बसलात आणि म्हणालात, एल आहे. मी नख फिरवून बघितलं आणि म्हटलं, एच आहे, रेघेच्या शेजारी आणखी एक पाय आहे.

"दिसत नाही," तुम्ही म्हणालात.

"दिसत नाही, पण नखाला लागतो. तांदळातला खडा काय दिसतो म्हणून सापडतो का?"

"नखाला लागलं म्हणून मी कारखान्यात एक नगसुद्धा पुढे सोडला नसता."

रोज चहाबरोबर एल आणि एच. मुक्ता कंटाळून म्हणायची, "जस्ट टॉस अ कॉइन, यू गाइज!" श्रीधर फोनवर विचारायचा, "खलास झालं का तुमचं?" नव्हतं झालं. खरं सांगू का, ते कधी खलास होऊ नये असंच मला वाटत होतं. सासऱ्यांशी एवढं भांडणारी सून आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये दुसरी नव्हती.

आणि मग खंडेनवमी आली. तुम्ही दर वर्षी पाटावर तुमची हत्यारं मांडायचात: मापं घ्यायचा व्हर्नियर, भिंग, छोटी हातोडी. त्या वर्षी म्हणालात, बाटलीही ठेवू, तिने आपल्याला कामाला लावलंय. तुम्ही मुक्ताला घेऊन खाली फुलं आणायला गेलात. मी देवाची उपकरणी चिंच-मीठ लावून घासत होते. हात भरलेलेच होते. समोर ती काळीकुट्ट बाटली. पाटावर देवासमोर अशी कशी ठेवायची, असं माझ्या मनात आलं. बस, एवढंच आलं. तारेची घासणी घेतली आणि घासली. छान निघत होती. झाकण आट्यांत अडकत होतं आणि गळ्यापाशी हाताला खरखरीत लागत होतं, तर कपाटातला पॉलिशपेपरही फिरवला. चांदीसारखी लख्ख झाली. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू.

तुम्ही परत आलात, बाटली हातात घेतलीत आणि तुमचा अंगठा गळ्यावर गेला. तिथेच थांबला. मी तुमच्याकडे बघत होते, तुम्ही खूश व्हाल म्हणून. तुम्ही म्हणालात, "छान उजळली गं." मग तिला हळदकुंकू वाहिलंत, फूल ठेवलंत आणि नमस्कार केलात. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं श्रीखंडही दोनदा मागून घेतलंत.

मला कळलं ते त्याच्याही दुसऱ्या दिवशी. तुम्ही बाल्कनीत बसला होतात, वहीत त्या खुणेचं अर्धवट काढलेलं चित्र होतं आणि गुळगुळीत पत्र्यावर तुम्ही भिंग धरलं होतं. त्या पत्र्यावर काहीच नव्हतं. मी दारातून तशीच मागे फिरले आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडले. साठ वर्षं वाळू, ऊन, भंगार सोसून ती खूण टिकली होती आणि माझ्या हातून पाच मिनिटांत गेली. तुम्ही रागावला असतात तर मी सुटले असते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. चहाच्या वेळी एल-एचचं भांडणही बंद झालं. घरात इतकं शांत झालं की मुक्तानेही विचारलं, "डिड समबडी डाय?"

तेव्हा मी ते केलं. रोलाजवळ ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या करणारं एक दुकान आहे. बाटली ओढणीत गुंडाळून तिथे गेले. तुमच्या वहीतलं चित्र कागदावर उतरवून नेलं होतं.

"दीदी, इतना छोटा?" दुकानदार म्हणाला. "ये क्या है, किसी का नाम है?"

"हाँ, नाम ही समझो."

"तीसरा अक्षर?"

मला अजूनही खात्री होती की ते एच आहे. पण मी म्हटलं, "एल." तुमच्यासाठी म्हटलं. तुमचं घेतलेलं तुम्हाला परत द्यायचं, तर ते निदान तुमच्या मनासारखं तरी असावं.

घरी येऊन चुलीची काजळी... आता चूल कुठली, तवा गॅसवर जाळून त्याची काजळी मी अक्षरांत भरली. आणि साळसूदपणे तुमच्यापुढे ठेवून म्हटलं, "अप्पा, जरा उन्हात धरून बघा बरं. मला वाटतं, सगळंच गेलेलं नाही."

तुम्ही बाल्कनीत गेलात. भिंग लावलंत. किती वेळ उभे होतात तुम्ही! मग तुम्ही वळलात आणि म्हणालात, "सापडलं गं."

"काय निघालं?"

"एल."

"म्हणजे तुमचंच खरं," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, भिंग खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "चहा टाक."

त्या चहापासून तुम्ही पुन्हा बोलायला लागलात, आणि मी गप्प झाले. ज्या माणसाने जन्मात एक चुकीचा नग पुढे सोडला नाही, त्याच्या हातात मी खोटी खूण ठेवली होती आणि तो फसला होता. तुमचे डोळे आता थकलेत, म्हणून त्यांना ते कळलं नाही, असं मी स्वतःला सांगत होते, आणि त्याचं अजूनच वाईट वाटत होतं. त्या हिवाळ्यात क्रोनसाहेब पहिल्यांदा घरी आले, तेव्हा माझा जीव वर-खाली होत होता. तुम्ही त्यांना एकेक वस्तू दाखवलीत. बाटली मात्र तिथे नव्हती. ती सकाळीच तुम्ही पाणी भरून फ्रिजमध्ये ठेवली होती. "गार राहतं त्यात," असं म्हणाला होतात. मी देवाचे आभार मानले. केवढी बावळट होते मी. एवढं मोठं अक्षर सापडलं आणि तुम्ही ते तुमच्या एकुलत्या एक जाणकार मित्राला दाखवत नाही, कळवतसुद्धा नाही, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये नर्सने औषधाची छोटी वाटी दिली. तुम्ही ती रिकामी केलीत आणि सवयीने उलटी करून बघितलीत. मला इतकं भरून आलं की म्हटलं, आता सांगून टाकू. "अप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"उद्या सांग," तुम्ही म्हणालात. "येताना भरीत आण."

भरीत आणलं होतं हो मी. तुम्ही झोपलेले होतात, मग उठलाच नाहीत. डबा तसाच परत आणला.

तर आता क्रोनसाहेब येणार, भिंग लावणार, आणि त्यांना मिनिटभरात कळणार की अक्षरं खोटी आहेत. ते काही बोलणार नाहीत, सभ्य आहेत. पण मनात म्हणतील, अप्पांनी हे केलं. तुम्ही! म्हणून मी ठरवलं होतं, वहीतलं पान फाडायचं, बाटली लपवायची, नंबर एक्केचाळीस नव्हताच म्हणायचं. श्रीधरलासुद्धा सांगायचं नाही. पान चिमटीत धरलं, अप्पा. कोपरा थोडा फाटलाही आहे. मग तुमचं ते तिरकं अक्षर दिसलं आणि त्यात माझं नाव दिसलं.

"क्र. ४१. पाण्याची बाटली, ॲल्युमिनियम. कारखाना: नक्की नाही. गळ्यावरची अक्षरं मूळची नव्हेत. ठोकलेली नसून मशीनने कोरलेली. कडा ताज्या, वळण नावाच्या पाटीवरचं, काजळी तव्याची. मूळ खूण खंडेनवमीला घासली गेली. कोरून आणली सुनंदाने. माझ्या समाधानासाठी एल कोरला. तिसरं अक्षर बहुधा एच होतं. तिचं नख बरोबर होतं, मी कबूल केलं नाही. संग्रहातून काढली. क्रोन यांना देऊ नये. घरी वापरावी. तपासली. पास."

खाली तुमची सही.

अप्पा, मी चुकले. खूण पुसली तेव्हा चुकले, खोटी मारली तेव्हा चुकले, आणि सगळ्यात जास्त चुकले ती गप्प बसले तेव्हा. हे मी तुम्हाला ओट्यापाशी, चहा गाळता गाळता सांगू शकले असते. तुम्हीही सांगू शकला असतात की तुम्हाला माहीत आहे. का नाही सांगितलंत? मला शरम वाटू नये म्हणून? की मी आपणहून बोलेन, याची वाट बघत होतात? याचं उत्तर वहीत नाही. सगळी पानं उलटून बघितली. काजळी तव्याची, हे मात्र ओळखलंत. ते वाचून मी रडता रडता हसले, आणि तेवढ्यात मुक्ता आत आली.

"आई, व्हाय आर यू क्राइंग?"

"पाणी आण गं थोडं."

तिने फ्रिज उघडून ती बाटलीच आणली. तिच्या लेखी ती पहिल्यापासून पाण्याचीच आहे. मी दोन घोट प्यायले. खरंच, गार राहतं.

उद्या क्रोनसाहेब वस्तू मोजतील, एक्केचाळीस भरतील, आणि वस्तूंची यादी बघून म्हणतील, एक कमी आहे. मी त्यांना वही उघडून ते पान दाखवणार आहे. मराठी त्यांना येत नाही, म्हणून मीच वाचून सांगेन, श्रीधरसमोर, माझ्या नावासकट. तुम्ही जन्मात एकच खोटी वस्तू पास केलीत, अप्पा. ती मी कुणाला देणार नाही.

आणि एचच होता. मी तेव्हाच सांगत होते.

तुमची,
सुनंदा